संगणक कक्षाची किल्ली

शाळेत नवी वस्तू आली की ती वर्गात पोचण्याआधी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पोचते. बाक, कपाट, नकाशा, सूक्ष्मदर्शक, संगणक, सगळ्यांना तिथे क्रमांक मिळतो, किंमत लिहिली जाते आणि त्या ओळीची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देताघेताना ती ओळ वाचून वस्तू मोजतात; एखादी कमी भरली तर उत्तर द्यावं लागतं. वस्तू वर्षभर कुणी वापरलीच नाही, तर मात्र कोणी काही विचारत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या शाळांमधला संगणक कक्ष बहुतेक वेळ कुलपात का असतो, याचं उत्तर या रजिस्टरात आहे. इंटरनेट आलं ते याच कुलपाच्या आत, आणि मग लोखंडी कुलपाच्या जोडीला पासवर्ड, फिल्टर आणि बंदीची परिपत्रकं अशी न दिसणारी कुलपं आली. या सगळ्यातून वाट काढून शिक्षकांनी ऑनलाइन साधनं वर्गात आणली. ही गोष्ट बहुधा शिक्षकांच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते: घरून पेन ड्राइव्ह भरून आणला, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला, तास साजरा झाला. हुशारी खरीच. पण ती त्या शिक्षकाची असते, शाळेची होत नाही. त्याची बदली झाली की पेन ड्राइव्हही जातो. उपनगरांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर कुलूप असणं किंवा नसणं यापेक्षा किल्ली कोणाच्या हाती होती, यावर शिकवण्याचं बरंवाईट ठरलेलं दिसतं.

या इतिहासाची पहिली ओळ उपनगरातच लिहिली गेली. १९८५ साली जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचं जाळं सुरू केलं. त्यात आठ संस्था होत्या: एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग. देशातल्या अगदी सुरुवातीच्या ईमेलपैकी काही १९८६-८७ च्या सुमारास जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून गेले. लाइन संथ होती, मधेच तुटायची, आणि बराच काळ पत्रांच्या देवाणघेवाणीपलीकडे फारसं काही शक्य नव्हतं. ९.६ किलोबिट वेगाची दिल्ली-मुंबई लाइनसुद्धा १९९० नंतरच आली. आजच्या शाळेतल्या कुठल्याही फिल्टरपेक्षा हा निर्बंध कडक होता, तरी त्यातून देशातल्या इंटरनेटचा पाया घातला गेला. एनसीएसटीचे संस्थापक संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तो याच कामासाठी. या यशात पैसा आणि बुद्धी यांचा वाटा होताच. पण जाळं वापरणारे आणि ते चालवणारे तिथे एकच होते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. काही अडलं तर परवानगी मागायला दुसऱ्या इमारतीत जावं लागत नव्हतं. जुहू आणि पवई यांच्या मधोमध अंधेरी आहे. हे जाळं अंधेरीतल्या शाळांच्या डोक्यावरून गेलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

शाळांत त्याच सुमारास वेगळीच गोष्ट चालू होती. १९८४-८५ मध्ये केंद्राने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी इंग्लंडमधले बीबीसी मायक्रो संगणक निवडले. संगणक इथे विषय म्हणून आला. भूगोल किंवा बीजगणित शिकवण्याचं साधन म्हणून त्याचा विचार फार कमी झाला. साहजिकच तो एका खोलीत बसला, त्या खोलीला तास मिळाला, आणि बाकीच्या विषयांचे शिक्षक त्या खोलीचे पाहुणे झाले. पुढे डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना आली. महाराष्ट्राने ती राबवताना ‘बूट’ पद्धत घेतली: कंपनीने कक्ष उभारायचा, ठरावीक वर्षं मालकी ठेवून चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा. तोपर्यंत यंत्रं कंपनीची आणि ती शिकवणारा माणूसही कंपनीचा. म्हणजे मराठी किंवा इतिहासाच्या शिक्षिकेला त्या खोलीत वर्ग न्यायचा असेल, तर तिला आपल्याच शाळेत बाहेरच्या माणसाची सोय पाहावी लागणार. अंधेरी पूर्वेला १९७३ पासून सीप्झ उभं आहे, तिथून सॉफ्टवेअर परदेशी जात होतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या शाळांत संगणकावर प्लास्टिकचं आवरण होतं आणि दाराबाहेर चपलांची रांग होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाही शाळांच्या दृष्टीने फारसा फरक पडला नाही. जोडणी टेलिफोनवरून, वर्गणी महाग, शिवाय प्रत्येक मिनिटाला फोनचं बिल. ज्या काळात कार्यालयातल्या फोनच्या डायललासुद्धा कुलूप असायचं, त्या काळात हा खर्च कोण मंजूर करणार? उपनगरातल्या मुलांना इंटरनेट पहिल्यांदा भेटलं ते शाळेत नव्हे, स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत. प्रकल्पाचं चित्र, निकाल, प्रवेशाचा अर्ज, सगळं तिथेच. आणि मुलांनी इंटरनेटवर काय पाहावं, याची पहिली मोठी चर्चाही या शहरात त्या कॅफेवरूनच झाली. २००१ साली दोन नागरिकांच्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अल्पवयीनांना अश्लील मजकुरापासून कसं वाचवावं, हे सुचवण्यासाठी समिती नेमली. २००२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालातली एक सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे: मुलांना बंद कप्प्यात बसवू नये, उघड्या जागेतल्या, फिल्टर असलेल्या यंत्रावर बसवावं. २०११ च्या केंद्रीय नियमांत हाच विचार तपशिलाने उतरला. कॅफेतली आडभिंत साडेचार फुटांहून उंच नको, पडदे सगळ्यांना दिसतील असे असावेत, वापराची नोंद वर्षभर ठेवावी. यात फिल्टरही आहे, पण खरी भिस्त जवळ बसलेल्या मोठ्या माणसाच्या नजरेवर आहे. शाळांनी फिल्टर तेवढा उचलला आणि नजर मागे ठेवली.

फिल्टरवरच भिस्त ठेवली की काय होतं, हे याच उपनगरांच्या सर्वांत वाईट आठवड्यात दिसलं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. खार, जोगेश्वरी, बोरिवली ही त्यातली काही ठिकाणं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत केंद्र सरकारने मोजकी संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश सेवा पुरवठादारांना दिला. नेमकी तेवढीच पानं अडवणं त्यांना जमलं नाही किंवा त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी ब्लॉगस्पॉटचा अख्खा पत्ताच बंद केला. लाखो लोकांचं लिखाण अनेक दिवस दिसेना, आणि त्यात स्फोटांनंतर माहिती व मदत एकत्र करण्यासाठी लिहिली जाणारी पानंही होती. त्याआधी २००३ मध्ये याहू ग्रुप्सच्या बाबतीत हेच झालं होतं: एका गटावर बंदी, आणि सगळे गट गायब. शाळेचा फिल्टर याच जातीचा असतो. तो मजकूर वाचत नाही, पत्ता आणि शब्द पाहतो. जीवशास्त्रातला प्रजननाचा धडा, स्तनाच्या कर्करोगाची माहिती, दुसऱ्या महायुद्धाची छायाचित्रं त्याला एकाच रांगेतली वाटतात. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळा-ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा करणारा कायदा २००० साली झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ग्रंथालयांच्या बाबतीत तो वैध ठरवला, पण त्यामागचं एक कारण असं की प्रौढ वाचकाने सांगितलं तर ग्रंथपाल फिल्टर उघडून देऊ शकतो. म्हणजे कुलूप मान्य झालं, कारण किल्ली समोरच्या टेबलावर होती.

आपल्याकडे ती टेबलावर आली नाही. उलट साधनं जितकी आधुनिक झाली तितकी किल्ली दूर गेली. २०११ च्या सुमारास मुंबई महापालिकेने शाळांमध्ये उपग्रहाद्वारे चालणाऱ्या व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केल्या. एका स्टुडिओतला अनुभवी शिक्षक अनेक शाळांतल्या मुलांना एकाच वेळी शिकवू लागला. विज्ञान-गणिताचे शिक्षक अपुरे असताना ही सोय खरोखर उपयोगी होती. पण वेळापत्रक स्टुडिओचं होतं. घाटकोपरच्या वर्गात मागचा धडा पक्का झाला नसेल तर तास थांबवण्याचं बटण त्या वर्गाच्या बाईंजवळ नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्ये महापालिकेने आठवीच्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा हेतू चांगला होता, आणि मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक माध्यमांचा अभ्यासक्रम त्यात आधीच भरलेला होता. इंटरनेट नसलं तरी अडत नव्हतं, हेही बरं. पण राज्याने २०१७ मध्ये नववीची आणि २०१८ मध्ये आठवी-दहावीची पुस्तकं बदलली. आधीच भरलेल्या साधनाची मेख इथे आहे. नवा धडा घालणं, जुना काढणं, आपल्या वस्तीतल्या नाल्याचा फोटो भूगोलात जोडणं, हे शिक्षकाला करता येत नाही. पुढच्या कंत्राटाची वाट पाहावी लागते. त्याच काळात मोबाइलवर बंदी होती. सीबीएसईने २००९ मध्ये परिपत्रक काढून विद्यार्थ्यांना फोन आणायला मनाई केली आणि शिक्षकांनीही वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात तो वापरू नये असं सांगितलं. त्यामागचा त्रास खरा होता, हे कोणताही शिक्षक सांगेल. मात्र गप्पांसाठी वापरायचा फोन आणि पृथ्वीचा नकाशा दाखवायला वापरायचा फोन यांत त्या परिपत्रकाने फरक केला नाही.

निर्बंध गृहीत धरून चांगलं काम होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि त्याचे उत्तम नमुनेही उपनगरांतलेच आहेत. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने खुली सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी साधारण दहा मिनिटांचे धडे केले. पडद्यावरची कृती तीच ठेवायची, निवेदन मराठीसकट भारतीय भाषांत करायचं, आणि विद्यार्थ्याने धडा थांबवत थांबवत शेजारी तीच कृती करून पाहायची, अशी रचना आहे. धडे आधीच उतरवून संगणकांवर ठेवले की इंटरनेट लागत नाही. त्याहून बोलका नमुना ‘क्लिक्स’चा. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी माध्यमिक शाळांसाठी हा उपक्रम उभारला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींचा त्याच्या तांत्रिक मंचात मोठा हात होता. शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवायचा, सगळे संगणक त्याला जोडायचे. बाहेरचं इंटरनेट असो वा नसो, धडे, चर्चा, मुलांचं काम शाळेच्या आत चालू राहतं. एका संगणकावर दोघं-तिघं बसणार हे माहीत असल्याने एकत्र लॉगइन करण्याची सोयही केली. २०१७ च्या युनेस्को-किंग हमाद पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लिक्स होता. तो राबवला गेला राजस्थान, छत्तीसगढ, मिझोराम आणि तेलंगणात. देवनार-मानखुर्दमध्ये घडलेलं साधन दूर मिझोराममध्ये पोचलं. पंधरा मिनिटांवरच्या घाटकोपरातल्या शाळा त्या यादीत नव्हत्या. या साधनांनी निर्बंध चुकवला नाही. त्यांनी सर्व्हर शाळेच्या खोलीत ठेवला, साहित्य खुल्या परवान्याखाली दिलं, म्हणजे किल्ली शाळेच्या हाती दिली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळे नियम एका आठवड्यात उलटे फिरले. ज्या फोनवर बंदी होती तोच वर्ग झाला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून शिक्षकांपर्यंत पोचवली, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, ऑगस्टमध्ये राज्याने गूगलच्या वर्गसाधनांचा करार केला. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग भरायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला, लहान मुलांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. या दीड वर्षात निर्बंध नव्हता, तरी शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार शहरी भारतातसुद्धा इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं ४२ टक्केच होती, आणि जिथे होती तिथेही एक फोन तीन भावंडांत आणि कामावर जाणाऱ्या बापात वाटला जात होता. दुसरी गोष्ट उशिरा कळली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांत सरकारांनी शिफारस केलेली १६३ शैक्षणिक साधनं तपासली. त्यांतली ८९ टक्के साधनं मुलांच्या खासगी माहितीला धोका ठरतील अशी वागत होती, आणि आपलं ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षण-ॲप त्या तपासणीत होतं. चोर मागच्या दाराने येईल म्हणून आपण फिल्टर लावत बसलो आणि मुलांची माहिती सरकारी शिफारशीच्या पुढच्या दाराने बाहेर जात होती.

यावर पहिला आक्षेप असा की किल्ली शिक्षकाला दिली तर गैरवापर होईल, आणि काही विपरीत घडलं तर मुख्याध्यापक अडकतील. भीती खोटी नाही. पण आजच्या व्यवस्थेतही अडकतात ते मुख्याध्यापकच, फक्त निर्णय त्यांचा नसतो. मी दार सताड उघडं ठेवा असं म्हणत नाही. फिल्टर असू द्या. शिक्षकाला एका तासापुरतं एखादं पान उघडता यावं, उघडलं की त्याच्या नावावर नोंद व्हावी आणि पडदे सगळ्यांना दिसावेत. म्हणजे २००२ च्या अहवालाने आणि २०११ च्या नियमांनी कॅफेवाल्याकडून जी अपेक्षा केली, तीच शाळेकडून. जो समाज कॅफेच्या गल्ल्यावरच्या माणसावर तेवढा विश्वास टाकतो, त्याने डी.एड., बी.एड. झालेल्या माणसावर टाकायला काय हरकत आहे? दुसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येतो: निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांतून वेळ कुठे आहे, त्यात ही आणखी एक जबाबदारी. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. किल्लीबरोबर वेळ दिला नाही तर ती ओझंच होईल. म्हणून प्रत्येक शिक्षकाने तंत्रज्ञ व्हावं अशी अपेक्षा नको. शाळेत एकाला त्यासाठी तासिका कमी करून द्याव्यात, जशा परीक्षा विभागासाठी देतात. तिसरा आक्षेप: शाळेत साठवून ठेवलेलं साहित्य म्हणजे शिळं इंटरनेट, गरीब मुलांसाठी दुय्यम माल. ते ज्याला बदलता येत नाही त्याच्या हाती दिलं तर तसंच होतं, टॅबनी ते दाखवलं. पण शिक्षकाला भर घालता येत असेल तर शाळेच्या ग्रंथालयाला कोणी शिळं म्हणत नाही.

काळ आता आणखी कुलपांचा येणार आहे, आणि त्यातली काही रास्त आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. दुसऱ्या बाजूला केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, वसतिगृहातल्या मोबाइलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दिल्लीतून किंवा पुण्यातून काढलेलं एक परिपत्रक त्यांचा मेळ घालू शकत नाही. तो त्या त्या वर्गात, त्या त्या धड्यापाशीच घालावा लागतो. युनेस्कोने २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल तंत्रज्ञानावर काढला तेव्हा त्याच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: हे साधन कोणाच्या अटींवर? देशातल्या शाळांपैकी इंटरनेट असलेल्या शाळा २०१९-२० मध्ये सुमारे २२ टक्के होत्या, २०२४-२५ मध्ये त्या ६३ टक्क्यांवर गेल्या, असं सरकारी आकडेवारी सांगते. तार पोचते आहे. अटींचं काय, ते आकड्यांत दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती बसवली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं म्हटलं आहे. उपनगरातल्या अशा शाळेत आपलं मूल असेल, तर जूनमधल्या पहिल्या सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते? पासवर्ड कोणाकडे असतो? आणि धड्याला लागणारं पान अडलं तर ते किती दिवसांत उघडून मिळतं? उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत, म्हणजे वस्तूंच्या मोजणीसारखी तीही पुढच्या वर्षी ताडून पाहता येतील.